आबा, मावशी, कॉलेजची पोरं आणि लेकरं: एकच माहिती चार वयांना कशी सांगायची

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूरच्या बाजूचा. तीन वर्षं झाली, आमच्या भागातल्या लोकांसाठी शेतीचे व्हिडिओ आणि मेसेज बनवतोय, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा तिन्हीवर. पहिलं दीड वर्ष मी एकच व्हिडिओ बनवायचो आणि तोच सगळीकडं टाकायचो. म्हातारी माणसं म्हणायची "लई फास्ट बोलतो रे", कॉलेजची पोरं म्हणायची "लई लांबण लावतो", आणि दोघंही अर्ध्यात सोडून द्यायचे. मला वाटायचं विषयच चुकला असंल. विषय बरोबर होता, मांडणी चुकत होती.

तर जे नवीन सुरू करायलेत त्यांच्यासाठी लिहितोय. तुमचा विषय शेती नसला तरी चालतंय, शिवणकाम असू द्या, आरोग्य असू द्या, सरकारी योजना असू द्या, पद्धत तीच लागू पडते. माहिती सगळ्या वयांना तीच आणि पूर्ण द्यायची, फक्त फोन कोणाच्या हातात आहे ते बघून भाषा, अक्षर, लांबी आणि मापं बदलायची. म्हाताऱ्या माणसाला कमी समजतं असं धरून माहिती कापायची नाही. माझा आजा दुसरी शिकलेला पण बी-बियाण्यातलं त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतंय, त्याला फक्त माझ्या व्हिडिओतलं अक्षर दिसत नव्हतं.

उदाहरण सगळीकडं एकच घेतो म्हणजे फरक कळंल: सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण क्षमता तपासणं. १०० दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी, कमी उगवले तर त्या हिशोबानं बी वाढवायचं. एवढाच विषय.

लागणारं सामान

एक फोन, शर्टाला लावायचा कॉलर माईक (कॅमेऱ्याआधी माईक घ्या, हे माझं ठाम मत आहे), एक वही, मराठी अक्षर जाड आणि स्वच्छ दिसणारा फॉन्ट (मुक्ता किंवा बालू, दोन्ही फुकट मिळतात), कुठलंही एक एडिटिंग अ‍ॅप. आणि एक जुना, काचेवर चरे पडलेला स्वस्तातला फोन. तुमच्या नव्या फोनवर सगळंच छान दिसतंय, गावातल्या निम्म्या लोकांच्या हातात तो फोन नाही, म्हणून टाकायच्या आधी जुन्या फोनवर, बाहेर उन्हात उभं राहून बघायचं.

१. आधी बघतंय कोण ते शोधा

यूट्यूब स्टुडिओ उघडा, अ‍ॅनालिटिक्समध्ये जा, तिथं ऑडियन्स म्हणून भाग आहे. बघणारे पुरेसे असले की त्यात वयाचे गट दिसतात, १३-१७, १८-२४ असं करत ६५ च्या पुढंपर्यंत. लोक कोणत्या वारी, किती वाजता यूट्यूबवर असतात तेही तिथंच दिसतंय. इन्स्टाला प्रोफेशनल अकाउंट केलं की असंच मिळतंय.

आता इथला खड्डा सांगतो. हे वय अकाउंटचं असतंय, माणसाचं नाही. माझ्या चॅनलवर १८-२४ चा आकडा मोठा दिसायचा, मी खूश, पोरांसाठी म्हणून जोरात म्युझिक टाकायलो. नंतर कळलं की बऱ्याच घरी बापाच्या फोनमध्ये जीमेल पोराचं घातलेलं आहे, बघणारा पन्नाशीचा माणूस आणि हिशोबात दिसतंय वीस वर्षाचं पोरगं. त्यामुळं आकड्यावर बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ विचारा, मोंढ्यात गेलात तर आडतीवर बसलेल्यांना विचारा, कमेंटची भाषा वाचा. "राम राम साहेब" लिहिणारा आणि "भाऊ एक नंबर" लिहिणारा ही दोन वेगळी माणसं आहेत.

२. मूळ कागद एकच तयार करा

चार वयांसाठी चार व्हिडिओ म्हणजे चार वेळा अभ्यास नाही. आधी वहीत एक पान लिहा ज्यात सगळे आकडे, सगळ्या अटी, तारीख असंल. नंतर प्रत्येक वयाचं त्या पानातूनच काढायचं. हे न केल्यानं माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

कृषी विभागाचं माप हेक्टरी असतंय, ७५ किलो. मी एका छोट्या रीलमध्ये, वेळ कमी म्हणून, नुसतं "७५ किलो" म्हणलं. अ‍ॅग्रीच्या (शेतकी कॉलेजच्या) पोरांना ते हेक्टरचं आहे हे माहीतच असतंय, त्यांच्यासाठीच रील होती. पण पोरांनी ती घरी पाठवली. दोन दिवसांनी औंढ्याकडच्या एका काकांचा फोन आला, "तीन एकराला सव्वादोन क्विंटल बी कुठून आणू बाबा?" त्यांनी ७५ एकरी धरलं होतं. त्यांनी फोन केला म्हणून बरं, न विचारता दाट पेरलं असतं तर? मी तेवढ्याच वेळात ती रील काढली आणि दुरुस्ती टाकली, पण फॉरवर्ड झालेली मला परत घेता आली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की माप ऐकणाऱ्याच्या तोंडचं वापरायचं, एकर, गुंठा, बॅग, पायली. हेक्टर सांगायचंच असंल तर पुढच्याच श्वासात एकरी किती ते सांगायचं. आणि कितीही छोटं बनवलं तरी आकडा आणि त्याचं माप एकमेकांपासून तोडायचं नाही. "एकरी ३० किलो" हा माझ्यासाठी एकच शब्द आहे.

३. साठीच्या पुढची माणसं

यांच्यावर जास्त लिहितो कारण इथंच सगळे चुकतात.

आपल्याकडं चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, ते उगं नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ व्हायला लागतंय आणि जवळचं दिसणं कमी होतंय. माझे आबा आखाड्यावर (शेतातल्या घरापाशी) बाजंवर बसून माझा व्हिडिओ बघत होते तेव्हा मी बाजूलाच होतो. फोन हात लांब करून धरलेला, ऊन काचेवर, आणि मान मागं. मी पिवळ्या रंगात पांढऱ्या जमिनीवर "३० किलो" लिहिलं होतं. आबा म्हणले, "काहीतरी लिवलंय, काय ते दिसंना." मी त्या अक्षराच्या रंगावर अर्धा तास घालवला होता. त्या दिवसापासून काळ्यावर पांढरं नाहीतर पांढऱ्यावर काळं, स्क्रीनवर एका वेळी पाच-सहा शब्दाच्या वर नाही, आणि अक्षर एवढं मोठं की हातभर लांबून वाचता यावं.

कानाचंही तसंच. वय वाढलं की बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ अशी अक्षरं ऐकताना गळतात. त्यात मागं बासरी नाहीतर ढोल वाजत असंल तर बोलणं त्यात बुडून जातंय. यांच्यासाठी म्युझिक शून्य ठेवा. मोठ्यानं ओरडायची गरज नाही, सावकाश आणि तोंड उघडून बोला, एक वाक्य झालं की थांबा. महत्त्वाचा आकडा दोनदा सांगा, शेवटी तिसऱ्यांदा.

कसं सांगायचं: मी यांना व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटाचा आवाजाचा मेसेज आणि एक मोठ्या अक्षराचं चित्र एवढंच पाठवतो. व्हिडिओची लिंक नाही. "राम राम आबा, मृग लागायच्या आधी एक काम करून घ्या" अशी सुरुवात. यांचा पेरणीचा हिशोब नक्षत्रावर असतो, मृग, आर्द्रा, त्यामुळं "जूनचा पहिला आठवडा" यापेक्षा "मृग" म्हणलं की ते लगेच तारखेशी जोडतात. पावसाचं पण बघा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे सांगायचंच, पण मिलिमीटर त्यांनी मोजलेला नसतो, म्हणून मी आकडा सांगतो आणि जोडून म्हणतो की आपल्या गावात किती पडला ते पोराला मोबाईलवर बघायला लावा, आणि रानात हात घालून ओल खाली कितपत गेली ते तुम्ही बघा. दोन्ही सांगितलं की त्यांच्या अनुभवाचा मान राहतो आणि आकडाही पोचतो.

खड्डे इथं तीन आहेत. पहिला, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज एकदम सगळ्यांना, पण ज्याला त्याला वेगळा पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपची यादी) २५६ लोक बसतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. मी महिनाभर पाठवत होतो आणि निम्म्यांना पोचतच नव्हता. समोर बसून नंबर सेव्ह करून द्या. दुसरा, चित्रावर तारीख आणि वर्ष टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र मरत नाही, पुढच्या वर्षी परत फिरतंय, आणि मागच्या वर्षीची शेवटची तारीख वाचून माणूस हेलपाटा घालतोय. तिसरा सगळ्यात मोठा: यांना कधीही लिंक दाबून माहिती भरायला सांगू नका, ओटीपीचं तर नावच काढू नका. एकदा का तुमच्या नावानं त्यांना लिंक दाबायची सवय लागली की उद्या फसवणारा पण तसाच मेसेज पाठवणार. उलट दर महिन्याला एक मेसेज याचाच ठेवा, फसवणूक झाली तर लगेच १९३० ला (सरकारी सायबर हेल्पलाइनला) फोन करा म्हणून.

४. तीस ते पंचावन्न, घर चालवणारी माणसं

यांना वेळ नाही. हातात काम असतंय आणि फोन खिशात नाहीतर ओट्यावर वाजत असतो, म्हणजे हे लोक व्हिडिओ बघत कमी, ऐकत जास्त असतात. म्हणून "इथं बघा, असं करा" म्हणून भागत नाही, "गोणपाट पिळून ओलं ठेवा, पाणी गळता कामा नये" असं तोंडानं पूर्ण सांगावं लागतंय.

सहा ते आठ मिनिटाचा व्हिडिओ, पहिल्या वीस सेकंदात उत्तर. आधी उत्तर सांगितलं तर लोक पुढं बघणार नाहीत अशी भीती मला पण होती, तसं होत नाही. ज्याला उत्तर मिळालं तो "का" ऐकायला थांबतो. खाली वर्णनात वेळेचे टप्पे टाका, यूट्यूबला पहिला टप्पा ०:०० पासून लागतो, कमीत कमी तीन टप्पे पाहिजेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदाचा. मग ज्याला फक्त बी किती वाढवायचं ते बघायचंय तो तिथंच उडी मारतो. हिशोब पूर्ण मांडून दाखवा, "उगवले ६० तर ७० गुणिले ३०, भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो." या वयाला नुसतं "थोडं वाढवा" चालत नाही, त्यांना पैसे मोजायचे असतात.

एक गोष्ट मला एका मावशीनं शिकवली. मी प्रत्येक व्हिडिओ "शेतकरी बांधवांनो" म्हणून सुरू करायचो. बचत गटाच्या बैठकीत त्या उठून म्हणल्या, "बांधवांनो म्हणतोस, पण दाणे निवडायला, मोजायला, गोणपाट भिजवायला कोण असतंय रे? तुझा काका तर पारावर असतोय." खरं होतं. आता मी "काका-मावशी, दादा-ताई" म्हणतो आणि दाणे मांडतानाचे हात पण बाईचेच दाखवतो कारण घरोघरी ते काम त्याच करतात. त्यानंतर ताईंचे फोन यायला लागले, आणि प्रश्न पण नेमके, जसं की मागच्या वर्षीचं पोतं उंचावरून आपटलं होतं त्यानं उगवण कमी होते का? होते, सोयाबीनचं साल नाजूक असतंय, पोतं आपटलं की आतल्या कोंबाला मार बसतो. हा मुद्दा माझ्या मूळ कागदावर नव्हताच, त्यांच्यामुळं आला.

५. अठरा ते पंचवीस

ही पोरं लातूरला क्लासला, संभाजीनगरला अभ्यासिकेत, नाहीतर पुण्याला कंपनीत. शेत घरी आहे, पोरगं बाहेर. आणि घरच्या फोनवर माहिती पाठवणारे हेच आहेत, त्यामुळं यांना सोडून चालत नाही.

उभा व्हिडिओ. शॉर्ट्स २०२४ च्या ऑक्टोबरपासून तीन मिनिटापर्यंत चालतात, पण मी पन्नास सेकंदाच्या वर जात नाही. सुरुवातीला नमस्कार, ओळख काही नाही, पहिल्याच दृश्यात गोणपाट उलगडताना कोंब दाखवायचे. खाली मराठी अक्षरात सगळं बोलणं लिहायचं, कारण मेसच्या रांगेत आणि एसटीत पोरं आवाज बंद करून बघतात. आपोआप येणाऱ्या मराठी अक्षरात चुका लई असतात, "सोयाबीन"चं भलतंच काहीतरी होतंय, हातानं तपासा.

यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करू नका. मी पस्तिशीतला माणूस, मी जर "ब्रो" म्हणायला लागलो तर पोरांना ते लगेच खोटं वाटतंय. आपण जसं बोलतो तसंच बोला, फक्त पाल्हाळ काढून टाका. पोरांना सोपं केलेलं नको असतंय, त्यांना कारण पाहिजे असतंय. सत्तरच का? कमी उगवण झाली तर नेमकं काय होतंय? हे दहा सेकंदात सांगितलं की ते सेव्ह करतात.

आणि शेवटच्या तीन सेकंदात एकच गोष्ट: "घरी पाठव, आणि फोन करून दाणे मोजायला सांग." रीलमध्ये आकडा तोच, एकरी ३० किलो. वर सांगितलेली चूक परत करू नका.

६. लहान लेकरं

इथं कायद्याचा भाग आहे, तो आधी.

यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओ टाकताना तो लहान मुलांसाठी बनवलेला आहे का नाही हे सांगावं लागतंय. अमेरिकेतल्या मुलांच्या खाजगीपणाच्या कायद्यावरून २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला, त्यानंतर जानेवारी २०२० पासून हे जगभरच्या सगळ्या चॅनलला लागू झालं. "हो" म्हणलं की कमेंट बंद होतात आणि बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणं दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. म्हणून काही जण मुद्दाम "नाही"वर टिक करतात. असं करू नका, ते खोटं आहे आणि चॅनलवर कारवाई होऊ शकते. मात्र शेतीचा साधा व्हिडिओ एखाद्या लेकरानं बघितला म्हणून तो मुलांसाठीचा होत नाही. गाणं, गोष्ट, चित्रातली पात्रं, मुलांचेच खेळ असं असंल तर तो मुलांचा.

आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्यात अठराच्या आतले सगळे बालक धरले आहेत आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. तुमच्या-माझ्यासारख्यानं यातून एवढंच धरायचं: मुलांकडून नाव, नंबर, शाळा काही मागायचं नाही, मुलांच्या स्पर्धा ठेवून ग्रुपवर नंबर गोळा करायचे नाहीत. कुणाचं लेकरू व्हिडिओत घेतलं तर आई-बापाला आधी विचारा, तयार व्हिडिओ दाखवा, आणि शाळेचा गणवेश, पाटी, घराचा पत्ता दिसंल असं काही ठेवू नका. मी तर आता फक्त हातच दाखवतो.

मजकुराचं सोपं आहे. लेकरं एकच गोष्ट दहा वेळा बघतात, म्हणून ती छोटी आणि ठराविक चालीची असावी. आमचा सगळ्यात जास्त वेळा परत बघितला गेलेला व्हिडिओ म्हणजे दहा दाणे गोणपाटावर झोपवले, पांघरूण घातलं, रोज पाणी पाजलं आणि कोण कोण उठलं ते मोजलं. आकडे एक ते दहा, बाकी काही नाही. माझं आजोळ औशाकडं, तिथं वेळ अमावस्येला सगळे रानात जाऊन आंबील-भज्जी खातात, त्यावर पण एक केला. लेकरांना आपल्या शिवारातलं दाखवा, परदेशी फळांची नावं घोकून घ्यायला बाकीचे चॅनल आहेत.

१३ ते १७ वाली मोठी मुलं यात बसत नाहीत, त्यांना बाळबोध केलेलं अजिबात खपत नाही. त्यांना मी पाचव्या पायरीतलंच दाखवतो, फक्त औषध फवारणीचा विषय असंल तर "हे मोठ्यांनीच करायचं" हे बोलून आणि लिहून दोन्ही.

७. टाकायच्या आधी एका माणसाला दाखवा

ज्या वयासाठी बनवलंय त्या वयाचं एक माणूस गाठा, फोन त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचं नाही. फोन कसा धरतोय, कुठं परत मागं जातोय, कुठं कपाळाला आठी पडती ते बघा.

नंतर "आवडलं का" विचारू नका, आपल्याकडं तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. "आता घरी गेल्यावर काय करशील?" हे विचारा. आबांनी जर "शंभर दाणे मोजतो, सत्तर आले तर एकरी तीस" असं परत सांगितलं तर टाका. "चांगलं सांगितलंस बाळा" एवढंच म्हणले तर पोचलेलं नाही, परत बनवा. मला एका मेसेजसाठी हे चार वेळा करावं लागलंय.

८. वेळ

म्हाताऱ्या माणसांना पहाटे सहाच्या आसपास, चहाच्या वेळी. घर चालवणाऱ्यांना रात्री नऊनंतर. पोरांना दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाहीतर रात्री अकराला. लेकरांचा रविवारी सकाळी. हे आमच्या भागातलं, तुमचं तुमच्या ऑडियन्सच्या पानावर बघा.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उलटा हिशोब. उगवण चाचणीलाच आठवडा जातो, कमी उगवलं तर दुसरं बी शोधायला अजून आठवडा, आणि ७-८ जूनच्या सुमाराला मृग. म्हणजे आबांचा मेसेज मेच्या पहिल्या पंधरवड्यातच गेला पाहिजे. पोरांची रील त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे त्यांचा घरी फोन झालेला असतो आणि आबांना माझा आवाज ऐकू येतो तेव्हा दाणे मोजायला गोणपाट शोधणं चालू असतंय.